पुलाखालच्या वळणावरची वाळू

मी, खाली सही करणारी, एका सुताराची बायको. विधवा म्हणावं की टाकलेली, हे आजवर कोणी ठरवून दिलेलं नाही. हे मृत्युपत्र मी स्वखुशीनं लिहून ठेवत आहे. कोणाचा दाब नाही. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. पुढचं वाचून कोणाला शंका आलीच, तर त्यांना विचारावं.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते माझ्या मुलीला. ती माझ्याशी बोलत नाही. बाप हत्यारांची पिशवी उचलून दुसऱ्या बाईकडे गेला, असं तिच्या काकानं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं, तिला लहानपणी सांगितलं. मी त्यांना जाऊ दिलं, म्हणून राग माझ्यावर.

२. पुढच्या खोलीतली माशांची काचेची टाकी. मुलगी परगावी गेली, घर खायला उठलं, तेव्हा घेतली. मला तळाला रंगीत खडे हवे होते. मासेवाला म्हणाला, "ताई, तळाशी चरणारे मासे ठेवणार ना? खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात. बारीक वाळू घाला. ही नदीची, पुलाखालच्या वळणावरची आहे." पाणी नितळ येईपर्यंत मी ती धुतली, बोटभर पसरली. पाणी काही दिवस तसंच मुरू दिलं. मग आधी मिशाळ मासे सोडले, ते रुळल्यावर वरच्या पाण्यातले टेट्रा, थोडे थोडे.

मिशाळ मासे सगळीकडे चरत, एक कोपरा सोडून. तिथे खळगा पडे. मी चमच्यानं सपाट करी. सकाळी पुन्हा तेच. हळूहळू खळग्याला बोटं आली. उजवा पंजा, तर्जनी अर्धी. ह्यांची तर्जनी करवतीखाली गेली होती.

मी भ्याले नाही. भाजी निवडायला तिथेच बसू लागले.

३. दिराला काहीही नाही. घर स्वतःच्या नावावर करून मागायला आले होते. "वहिनी, पोरगी थोडीच बघणार आहे तुम्हाला?" असं म्हणत टाकीशी वाकले, ते तसेच राहिले.

"हे तुम्ही केलंत?"

"माझी बोटं पुरी आहेत, भावोजी."

चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी दारात हत्यारांची पिशवी. हे जी घेऊन गेले म्हणे, तीच. शिवणीत वाळू अडकलेली. चिमूटभर काढून टाकीतल्या वाळूशेजारी धरली. निराळी ओळखता येईना.

मी आरोप करत नाही. पिशवी आहे तशी, न झटकता, मुलीला मिळावी. पोलिसांकडे न्यायची का, ते तिनं ठरवावं.

४. मासे मासेवाल्यानं न्यावेत. वाळू मुलीनं वळणावर नेऊन सोडावी. तोवर कोणी उपसू नये. पिशवी आली त्या संध्याकाळी मी टाकीशी बसून म्हणाले, "पोरीला सांगते मी." सकाळी वाळू सपाट होती. आता मासे कोपऱ्यातही चरतात.

त्याच सकाळी धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, आमच्या पिठाच्या डब्यात कुणीतरी हात उमटवलाय. ह्यांना दाखवला, तर खोलीला कडी घालून बसलेत."

मी म्हणाले, "पीठ हलवू नकोस."

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली.
सही: सुताराची बायको

आमच्यासमोर सही झाली:
डॉक्टरीणबाई (सही)
शेजारचे शिंपी (सही)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
तारीख: डॉक्टरीणबाईंच्या दाखल्यावर आहे तीच