मोजा काढलेला हात

४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वटवाघळांच्या नोंदींचं पाकीट सीमेपलीकडच्या ऑफिसात तूच फोडतेस, म्हणून त्यात हे पत्र सरकवते आहे. आज गिरणीच्या माळ्यावर तुमच्या देशाची रिंग घातलेलं वटवाघूळ सापडलं, नंबर ४१७. नंबर वाचायला जाड हातमोज्यातून रिंग फिरेना, म्हणून तू शिकवलंस तसा मोजा काढला, आणि ते अंगठ्याला चावून उडालं. मे महिन्यात भाजी चिरताना तुझा कापला होता, तोच अंगठा. बहिणी शोभतो!

पण चावल्याची नोंद करू नकोस. गिरणीमालक आधीच कुरकुरतो. कळलं तर माळ्याची भोकं बुजवील, आत तीनशे वटवाघळं आहेत. माळा राखायच्या करारावर दोन्ही देशांच्या सह्या सोमवारी व्हायच्या आहेत. तोवर गप्प राहा. मी घाबरले नाही. खोटं कशाला बोलू, घाबरले आहे.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी धाकटी

५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. अक्कल गहाण टाकलीस का? रेबीजची लक्षणं दिसली, की कुठलाही डॉक्टर माणसाला परत आणत नाही. जखम साबणाने धुतलीस का, तेही लिहिलं नाहीस!

मी तुमच्या डॉक्टरांना फोन केला आहे. चावल्याची खबर दोन्हीकडच्या डॉक्टरांना द्यायची, हे दोन्ही देशांचं आधीच ठरलेलं आहे. माळा गेला तर जाऊ दे. बहीण मला एकच आहे. मोजा काढायला मी शिकवायलाच नको होतं.

आशीर्वाद आहेतच, पण आधी सुया घे.
ताई

७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टर थेट गिरणीत आले, सगळ्यांदेखत. सुया सुरू झाल्या. मालकाने सिमेंट मागवलंच होतं. डॉक्टर त्याला म्हणाले, की वटवाघळं आपणहून अंगावर येत नाहीत, हात ही नोंदी करणारी माणसंच घालतात. मग त्याने माळ्याच्या जिन्याला कुलूप ठोकलं. बंदी आम्हाला, वटवाघळं खुशाल आहेत. तरी मी चिडले होते, तुझं तोंड बघणार नव्हते.

आज डॉक्टरांनी मागवलेलं ४१७चं कार्ड तुमच्याकडून आलं. रिंग घातल्याची तारीख अकरा मे, खाली तुझी सही. ताई, अंगठ्याला पट्टी बांधलेला तुझा फोटो बारा मेचा आहे. तुमच्याकडे स्वयंपाक भाऊजी करतात. तू सुरीला कधी हात लावतेस?

चार महिने झाले, ताई. तूही माझ्यासारखीच चावल्याचं लपवून गप्प बसलीस ना? आमच्या डॉक्टरांनी तुमच्या डॉक्टरांना फोन केला आहे. हे पत्र मिळेपर्यंत ते येऊन गेलेले असतील.

हवी तेवढी रागाव, पण लोभ करायला तू राहा.
धाकटी