तुमच्या रजेतला मंगळवार

प्रिय पाळककाका,

सलाम.

त्या मंगळवारी मी फोन केला नसता, तर तुम्ही आज असता का? मला उत्तर माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन रक्तवाहिन्या आधीपासूनच बंद होत्या, कधीही झालं असतं. पण ‘कधीही’ आणि ‘त्या मंगळवारी’ यांत फरक आहे ना, काका?

आज लिहायला बसले, कारण पंचकमिटी तुमची स्मरणिका काढते आहे. आपल्या चर्चचे सेक्रेटरी सातपुते सर पंधरा दिवसांपूर्वी मला म्हणाले, “एक पान तू लिही. शीर्षक ‘अखेरच्या श्वासापर्यंत सेवा’ असं दे. तुझी भाषा चांगली आहे.” मी शीर्षक लिहिलं. त्याच्या खाली तीन दिवस काहीच लिहिता आलं नाही. शेवटी तो कागद बाजूला ठेवला आणि तुम्हालाच लिहायला घेतलं.

मी पदवीधर झाले तेव्हाचा रविवार आठवतो का? बाबा चर्चचे शिपाई. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, फाटक लावायचं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. तुम्ही मला सगळ्या मंडळीसमोर उभं केलंत आणि म्हणालात, “आता इंग्रजी पत्र आलं की आपल्याला बाहेरचा माणूस शोधायला नको!” लोक हसले. बाबा मागे दारापाशी उभे होते, त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. केवढी फुशारले होते मी!

त्या फुशारकीतच मी, पाळकांच्या रजेला पैसे देणाऱ्या एका ट्रस्टची जाहिरात घेऊन तुमच्याकडं धावत आले. पाळकांना तीन महिने भरपगारी रजा. तेवढ्या काळात मंडळीलाही मदत, बाहेरचे उपदेशक बोलवायला, एकत्र काही नवं शिकायला. पाळक आणि मंडळी, दोघांनाही विसावा! तुम्ही स्टुलावर चढून ट्यूबलाइट बसवत होता.

“मेंढपाळाला रजा? मग मेंढरं काय खातील, ट्रस्टचं पत्र?”

आतून काकूंचा आवाज आला, “खातील की! सव्वीस वर्सं तुमालाच खाल्लंय, आता वाईच कागूद खाऊ देत.”

तुम्ही इतके हसलात की मला स्टूल धरावं लागलं.

रजेत काय करणार, असा फॉर्मवर प्रश्न होता. मला वाटलं, तुम्ही अभ्यास म्हणाल, लेखन म्हणाल. तुम्ही फॉर्म उलटा करून ठेवलात. मग म्हणालात, “सुवार्ता, लग्न झाल्यापासून उपासनेत मी तुझ्या काकूच्या शेजारी कधी बसलो नाही. मी कायम पुढं, ती कायम खाली. वेंगुर्ल्याला जायचं, कुणी ओळखत नाही अशा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दोघांनी बसायचं. उपदेश दुसऱ्यानं करायचा. वाईट केला तरी चालेल.”

एवढंच मागितलं होतंत तुम्ही.

फॉर्मवरचा पुढचा प्रश्न मंडळीसाठी होता. पाळक नसताना तुम्ही काय कराल? त्याचं उत्तर मी घरी बसून लिहिलं. पाळकांचा फोन वडीलमंडळी, म्हणजे पंचकमिटीतले चार वडील, सांभाळतील. घरोघरच्या प्रार्थना सभासद पाळीपाळीनं घेतील. आजाऱ्यांच्या भेटीला तरुण संघ जाईल. महिला मंडळ दोन रविवारी उपदेश करेल. आणि शेवटी एक वाक्य, ‘मंडळीने हे एकमताने ठरवले आहे.’

कुणी ठरवलं होतं, काका? मी! एकटीनं, चांगल्या इंग्रजीत.

सातपुते सरांनी चष्मासुद्धा लावला नाही. “तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार की! कुठं करू सही?” कमिटीतल्या बाकीच्या तीन वडिलांनीही तसंच केलं. कुणी विचारलं नाही, कारण मी शिकलेली. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं, शिकलेल्या माणसानं सगळ्यांच्या वतीनं चांगलं ठरवायचंच असतं.

तुम्ही तेवढं विचारलंत. “मंडळीला मराठीत समजावलंस ना?”

“सांगते,” म्हणाले मी. मंजुरी आली की सांगू, असं मनात होतं. मंजुरी आली, आणि ‘तुमच्या वतीनं मी हे सगळं कबूल करून बसलेय’ असं सांगायची मला लाज वाटली. रविवार पुढं पुढं जात राहिले.

पुनरुत्थानाच्या सणानंतर सातपुते सरांनी जाहीर केलं, “पाळकसाहेबांना तीन महिने सुट्टी मिळाली आहे.” टाळ्या पडल्या. उपासना सुटल्यावर मालनमावशींनी दारातच तुमचा हात धरला.

“सुट्टी हाय म्हंजे आता येळ बी हाय की! या आमच्याकडं. एरवी बोलावलं की घड्याळाकडं बघतासा.”

आम्ही सगळे हसलो. तुम्हीही हसलात आणि संध्याकाळी त्यांच्याकडं गेलात.

वेंगुर्ल्याच्या बॅगा भरल्या होत्या, तेव्हा सातपुते सरांच्या सासूबाई वारल्या. उपदेशाला बाहेरून आलेले पाळक होते, तरी सर म्हणाले, “त्यांना तुमच्याच हातून माती हवी होती.” मग कुणाचा नवा टेम्पो, कुणाच्या नातीचं नाव ठेवणं, कुणा दोन भावांचं भांडण. प्रत्येकाचं म्हणणं एकच, “पाचच मिनिटं, पाळकसाहेब.” व्यासपीठावरून आम्ही तुम्हाला मोकळं केलं आणि बाकी तुमचे सगळे दिवस घेतले. रजेच्या आधी निदान रविवारची तयारी करायची म्हणून तरी तुम्हाला शनिवारी कुणी बोलवत नव्हतं!

मला हे दिसत होतं. माझ्या कपाटात त्या अर्जाची प्रत होती. मी रोज म्हणायचे, पुढच्या आठवड्यात बोलते.

आणि मग तो मंगळवार. माझी आजी इचलकरंजीला माझ्या सख्ख्या काकाकडं असते, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. तिनं हट्ट धरला, पाळकांच्या हातचं प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षरस, पाहिजे. काकानं मला फोन केला, मी तुम्हाला.

“पाचच मिनिटं, काका.”

“उद्या चालेल का गं?”

“ती जेवत नाहीये, काका.”

सकाळी तिनं पोहे खाल्ले होते. मला ते माहीत होतं. ही गोष्ट मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

“येतो म्हणून सांग,” म्हणालात.

मे महिन्याची दुपार, आणि तुम्ही मोटारसायकलवरून गेलात. इचलकरंजीची काकू सांगते, शेजारच्या शेडमधल्या यंत्रमागांच्या खडखडाटात आजीला ऐकू यावं म्हणून तुम्ही तिच्या कानाशी वाकून शास्त्रपाठ वाचलात. तिनं एक गीत म्हणायला लावलं, मग दुसरं. परत येताना हातकणंगल्याच्या जवळ रसाच्या गाड्यापाशी थांबलात. तो गाडीवाला बाबांना म्हणाला, “पावण्यांनी पाणी मागितलं. म्या गिलास धुतोय तवर बाकड्यावर बसलं. त्ये काय पुन्ना उठलंच न्हाईत.”

तुमच्या दफनाच्या उपासनेत काकूंना अगदी पुढच्या बाकावर बसवलं होतं, पेटीला लागून. पेटीच्या कडेवर त्यांनी हात ठेवला होता. तिकडं बघवत नव्हतं. समोर सातपुते सर बोलत होते, “रजेवर असूनही स्वतःहून आजाऱ्याकडे धावून गेलेला मेंढपाळ!”

स्वतःहून! मी उठायला लागले, तर बाबांनी माझं मनगट आवळलं.

घरी आल्यावर म्हणाले, “गप बसायचं. तुज्या फोनानं पाळक गेलं म्हनतील. माजी नोकरी हाय तितं, ह्ये छप्पर बी चर्चचंच हाय. आनि बोलून मानूस माघारी येतोय व्हय?”

मी गप्प बसले. पुढच्या रविवारी लोक तुमच्या फोटोला हार घालताना म्हणत होते, भाग्यवान माणूस, सेवा करता करता गेला. असं भाग्य कुणी मागितलं होतं? मीही मान हलवली, काका. खरंच हलवली.

रागवू नका, पण मला तुमचाही राग येतो. एकदा तरी ‘नाही’ का म्हणाला नाहीत? तुम्हीच थट्टेनं म्हणायचात, देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला आणि पाळकाला त्याच दिवशी जुंपलं. आम्ही हसायचो. हसून झाल्यावर तुम्ही आम्हाला रागावला का नाहीत? तुमच्याकडून ‘नाही’ ऐकायची सवयच तुम्ही आम्हाला लावली नाहीत.

मागच्या आठवड्यात काकूंकडं गेले. नवे पाळक यायचे आहेत, म्हणून महिनाअखेर पाळकनिवास रिकामा करायचा आहे. त्या कुरुंदवाडला भावाकडं जाणार. तुमचे सदरे खोक्यात घालत होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं. फोन, पोहे, सगळं.

त्यांनी घडी घालायचं थांबवलं नाही. “मला ठाव हाय. फोन आला तवा मी हितंच बसले हुते. न्हाय म्हना, न्हाय म्हना, म्हनून हातानं खुणावत हुते.” मग सदरा खोक्यात ठेवून म्हणाल्या, “चार वाजता राजारामपुरीत डॉक्टरांकडं नंबर लावलेला. तीन डाव फुडं ढकलला हुता. ह्ये म्हनले, तिकडनं सरळ डॉक्टरांकडंच जातो.”

हे मला माहीत नव्हतं! तुम्ही फोनवर का नाही सांगितलंत?

मी माफी मागितली. काकू म्हणाल्या, “त्येनी लगीच दिली आसती. मला आजून जमंना. खोटं कशापायी बोलू?” आणि चिकटपट्टी माझ्या हातात दिली. “ह्या खोक्याला लाव.”

आम्ही चार खोकी भरली. निघताना त्या म्हणाल्या, “येनाऱ्या पाळकाला बारक्या दोन पोरी हाईत म्हनं. तू गप बसलीस तर त्यांच्या बापाचं बी ह्येच हुनार.”

रविवारी उपासनेच्या शेवटी सूचना वाचतात तेव्हा मी पुढं गेले. अर्ज मराठीत उतरवून नेला होता. फोन कोण सांभाळणार, प्रार्थना कोण घेणार, सगळं वाचलं. ‘मंडळीने हे एकमताने ठरवले आहे’ हेही वाचलं. मग मंगळवारचं सांगितलं.

“सुवार्ता, खाली बस,” सातपुते सर म्हणाले. मी बसले नाही.

मालनमावशी उभ्या राहिल्या. “आमास्नी ह्ये कुनी सांगितलंच न्हाय की गं! सांगितलं आसतं तर मी न्हेलं आसतं व्हय त्येस्नी घरी?”

“नाही सांगितलं, मावशी. सांगायचं काम माझं होतं.”

मागून कुणीतरी ओरडलं, “म्हंजे पाळकाला आमी मारलं म्हनतीस काय?”

“फोन मी केला, एवढं मी म्हणते,” मी म्हणाले.

बाहेर पडताना फार थोड्यांनी सलाम केला. मावशी बाकावरच बसून राहिल्या होत्या. बाबांनी कुलूप लावलं आणि माझ्यासाठी न थांबता घरी गेले. कमिटीनं त्यांना अजून काही विचारलेलं नाही. विचारतील. ते माझ्याशी बोलत नाहीत, ताट मात्र माझ्यासाठी झाकून ठेवतात.

आजीला तुम्ही गेल्याचं मीच सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. आता दर गुरुवारी बसनं जाऊन मी तिच्याजवळ शास्त्रपाठ वाचते. “तुजी प्रार्थना काय कामाची?” म्हणते, आणि डोळे मिटते.

काका, तुम्हाला वचन देते. नव्या पाळकांना ‘पाचच मिनिटं’ हे शब्द माझ्या तोंडून कधी ऐकू येणार नाहीत. आणि दुसरं कुणी म्हणालं, तर त्या घरी आधी मी जाईन. दार लावून घेतलं तरी जाईन.

ट्रस्टला रजेचा अहवाल द्यायचा होता. सातपुते सरांनी मजकूर तयार ठेवला होता, ‘रजा आनंदात पार पडत असताना प्रभूने आपल्या सेवकाला बोलावून घेतले.’ तो मी घेतला नाही. मंडळीनं काही ठरवलं नव्हतं, ते मी लिहिलं होतं, तुम्हाला रजा एक दिवसही मिळाली नाही आणि शेवटचा फोन माझा होता, असा अहवाल मी लिहिला. मराठी प्रत घेऊन चारही वडिलांकडं गेले. या वेळी प्रत्येकानं चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचला. आणि प्रत्येकानं सही न करता परत दिला.

काल दुपारी मी तो पाठवून दिला. खाली सही माझी एकटीची आहे.

तुमच्या मंडळीतली,
सुवार्ता