मऊ भाताची साक्ष

सलमाबाद, बहरीन
३ फेब्रुवारी १९९४

ती. मथुराआत्या,

लांबूनच तुझ्या पाया पडतो (लांबूनच का, ते पुढे येईल). तुझे गुडघे काय म्हणतात? श्रेया माहेरी आली ना? सातवा लागला, पाय सुजत नाहीत ना? तिच्या दादाला, पांडुरंगाला विचारल्याचं सांग. मी ठणठणीत आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

झालं असं, की आमच्या खोलीतल्या गुंडूला (सावंतवाडीचा वेल्डर, सहा फूट उंच) कांजिण्या आल्या. गोदामाचा वॉचमन जमालुद्दीनभाई आमच्यातच राहतो. तो म्हणाला, "ज्याला होऊन गेल्यात त्यानंच ह्याच्यापाशी बसायचं. बाकीचे यल्ला, बाहेर." मी छाती काढून पुढे. मला लख्ख आठवत होतं ना: उशाला कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, आठ दिवस मऊ भात. भाईने माझी पाठ तपासली. "व्रण कुठायत रे?" म्हटलं, आत्याने सेवाच अशी केली, व्रण राहतील कसे?

मग आठ दिवस गुंडूला पेज पाजली, रस्त्याकडेच्या कडुलिंबाचा पाला आणला, वर फुकट शरीरशास्त्र शिकवलं (बी.एस्सी.चा तेवढाच उपयोग). म्हटलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले जमालुद्दीनभाई. नवा चोर पहिल्यांदा आला की भाई त्याला ओळखत नाही. तो आत शिरतो, मारामारी होते, ती ही तुझी अवस्था. ताप चोर आणत नाही, त्याला नकोसं करायला आपलीच माणसं चढवतात. पण एकदा तोंड पाहिलं की भाई जन्मभर विसरत नाही, पुढच्या वेळी गेटवरच धरतो. गुंडू म्हणाला, "मगे त्या भाईक सांग, वायच पाठ खाजव म्हणान."

गुंडू बरा झाला. परवा जेवताना कुणीतरी बिनफोडणीची डाळ वाढली आणि मला खरं काय ते आठवलं. आत्या, ते आठ दिवस मऊ भात तूही खात होतीस. काकाही. पाला होता पांडुरंगाच्या उशाला, आणि मला तुम्ही झोपायला शेजारच्या रत्नाबाईंकडे पाठवलं होतं. एका पोराला आल्या की सगळ्या घराची फोडणी बंद, आणि मी तो भात माझ्या आजारपणाचा समजून वीस वर्षं मिरवतोय. माझ्या रक्तातल्या भाईंना भाताची साक्ष चालत नाही. त्यांनी चोराचं तोंडच पाहिलेलं नाही.

इथल्या डॉक्टरने तीन आठवडे थांब म्हणून सांगितलंय (गुंडू बरा झाल्यापासून आज बारावा दिवस). फोड दिसायच्या आधीच दुसऱ्याला लागण होते म्हणे, आणि पोटुशीला तर फारच जपायचं. तिकीट येत्या बुधवारचं. मॅनेजर म्हणतो, लीव्ह आत्ता घे, नाहीतर पुढच्या वर्षी. मी ठरवलंय. श्रेयाच्या डोहाळजेवणाला मी येत नाही. तू रडू नकोस, मीही रडत नाही. खलास.

तुझा,
स्वरूप

ता. क. पत्र उद्या गावी निघणाऱ्या विठ्ठलबरोबर देतोय. तो रिफाला राहतो, आमच्या खोलीकडे फिरकलेला नाही. त्याला चहा पाजायला हरकत नाही.

ता. क. दुसरा. श्रेयाला लहानपणी झाल्या होत्या का? तिला होऊन गेल्या असतील तर तिला माझं भय नाही, आणि मला तेवढंच कळायला हवंय. सोमवारी पोस्टमास्तरांकडे फोन करीन.

ता. क. तिसरा. तिकीट अजून रद्द केलेलं नाही. बॅग भरलेली आहे. तिचे फोड तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असतील तरच फोनवर "ये" म्हण. तुला "आठवतंय बाबा" म्हणावंसं वाटेल, ते म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी येईन.