फडाला फडच म्हणणार

संगमनेर, शनिवार, १२ एप्रिल

आज गावच्या यात्रा कमिटीत भांडून आलो. यंदा मालनताईंचा तमाशा ठरलाय आणि फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे. मी लिहिलं, ‘मालनताईंचा ढोलकी फड’. सरपंचांचं तोंड वाकडं. “मास्तर, फड नगं. आमदार येनार हायेत. ‘सांस्कृतिक कलासंच’ लिवा, बरं दिसतं.”

संच? संच एका रात्रीपुरता जमतो, सकाळी ज्याची त्याची एसटी. मंडळ गुरुवारी भजनाला बसतं आणि घरी जाऊन जेवतं. फड दसऱ्यापासून एका चुलीवर जेवतो. ढोलकीवाला तापानं पडला तरी त्याचं ताट वाढलं जातं. ते ताट कुठल्या संचात दिसतं?

मी तिथूनच मालनताईंना फोन लावला, स्पीकरवर.

“संच कपबशांचा असतो, सरपंच,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईनं फड चालवला, मीबी फडच चालवते. नाव बदलायचं आसंल तर आमी न्हाई येत.”

“मग मजकूरही दुसऱ्याकडून घ्या,” मी म्हणालो आणि उठलो. इतका का चिडलो? चिडलो, बस्स.

आत्ता सरपंचांचा फोन. “लिवा फड. पन बारीक लिवा.”

फड मी फ्लेक्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलाय. आमदारांना उरलेल्या जागेत बसवतो.