मशीनचा दिवा

सोमवार, ५ मे
लागली बाई नोकरी! वाशीहून बसने उरण, पुढे शेअर रिक्षा. कंटेनर यार्डाच्या गेटवरची केबिन आता माझी. काम सोपं, प्रत्येकाचा अंगठा मशीनवर घ्यायचा, हजेरी लॅपटॉपमध्ये पडते. मशीन, कॅमेरा, माऊस, सगळी वरात एकाच यूएसबी हबवर. हबला वेगळा अ‍ॅडॉप्टर नाही, लॅपटॉप देईल तेवढाच करंट. सुपरवायझर कुंदनदादा इथलेच. म्हणाले, हबमदी दुसरा कायपन लावू नको गो. हबला चक्क हळदकुंकू वाहिलंय! मला हसूच आलं.

बुधवार, ७ मे
उकडून जीव गेला, म्हणून हबला छोटा पंखा लावला. करंट पुरला नाही. टुंग वाजलं आणि मशीन डिसकनेक्ट. पंखा काढला तेव्हा आलं परत. तेवढ्यात बाहेर यार्डातल्या भैरू हमालाचा अंगठा कंटेनरच्या दारात तुटला. शोधला, पण सापडलाच नाही.

शुक्रवार, ९ मे
मोबाईल हबवर चार्जिंगला लावला. चुकलंच माझं! टुंग. लगेच किंकाळी. धर्मराजचा अंगठा मुळापासून गेला. तो तर मोकळ्या जागेत उभा होता. म्हणतो, कुणीतरी हात धरून पिरगाळला.
कुंदनदादांनी ढसाढसा रडत सगळं सांगितलं. मागच्या वर्षी मशीन असंच बंद पडलं आणि श्यामसुंदर नावाच्या हमालाची हजेरी राहिली. तो कंटेनरमध्ये असताना दार लागलं. घरच्यांचा फोन आला तर दादांनी हजेरी बघून सांगितलं, तो आज आलाच नाही. तीन दिवसांनी दार उघडलं. आतून ठोकून ठोकून त्याचे दोन्ही अंगठे उरले नव्हते. आता मशीन बंद पडलं की त्याला वाटतं, हजेरी राहिली. मग तो अंगठा शोधायला येतो.

शनिवार, १० मे, सकाळी ११
यार्डाची लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्के. कॅमेरा, माऊस उपटून टाकले. सगळा करंट मशीनला मिळू दे रे देवा. दादा जनरेटरकडे धावलेत.

११.२०
तीन टक्के. दिवा लुकलुकतोय —
टुंग.

११.३५
डाव्या हाताने लिहितेय. उजवा अंगठा — त्याने पिरगाळून — हाड कडकन — ओढणी गुंडाळली, रक्त थांबत नाही. जनरेटर लागला, दिवा आला. तरी तो गेला नाही. दाराला पाठ लावून उभा आहे. माझा तुटलेला अंगठा मशीनवर दाबतोय.
स्क्रीनवर आलं, रंजिता, हजर.
पुन्हा दाबला. पुन्हा माझंच नाव.
त्याचं नाव येणारच नाही. कुणाच्याच अंगठ्याने — कसं सांगू त्याला —
वळला. माझ्या डाव्या हाताकडे बघ