‘आर’च्या पानावरची कोरी ओळ

मी, रूथ युडोरा गिटन्स, वय एकोणऐंशी, अविवाहित, निवृत्त मुद्रितशोधक, राहणार स्पाइट्सटाउन, बार्बेडोस, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, एक डोळा अधू आहे आणि हे लिहायला मला कोणीही भरीस घातलेले नाही. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले शुद्धलेखन बिनचूक होते, पण मुख्य गोष्ट मी टाळली होती.

१. राहते लाकडी घर, खालच्या जमिनीसह, माझ्या बहिणीची मुलगी शेर्नेल हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मागचे ब्रेडफ्रूटचे झाड तोडू नये.

२. बँकेत जे उरेल ते चर्चच्या छपरासाठी.

३. चुलत भाऊ ऑर्व्हिल यास काहीही नाही. त्याने माझ्या शब्दकोशावर मॉबीचा पेला सांडला आणि वर म्हणाला, “सरबतच आहे, वाळेल.” शब्दकोश वाळला. माझा राग अजून ओला आहे.

४. शब्दांच्या सात वह्या आमच्या शनिवारच्या स्क्रॅबल मंडळाला. इंग्रजीतले हे शब्द बोलताना कोणी वापरत नाही, पण पटावर ते हुकमी एक्के ठरतात. ‘झॅक्स’ म्हणजे छपराच्या पाट्या तासायचे हत्यार. ‘झो’ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. ‘आय’ म्हणजे तीन नखांचा एक सुस्त प्राणी. मंडळींनी नुसती अक्षरे पाठ करू नयेत, अर्थही वाचावेत. मी उभा जन्म शब्द लावण्यात घालवला आणि एका शब्दाचा अर्थ फार उशिरा समजला.

५. आता तो शब्द.

१९८६च्या नोव्हेंबरात, एका शनिवारी दुपारी, पॅरिशच्या सभागृहात अंतिम सामना होता. जिंकणारा बेटाच्या वतीने त्रिनिदादला जाणार होता. समोर लॅसेल्स यिअरवुड, धंद्याने सुतार. मंडळातल्या सगळ्यांसाठी अक्षरे मांडायच्या महोगनीच्या पट्ट्या त्यानेच तासून दिल्या होत्या. शब्दकोश माझ्या ताब्यात असे. कुठल्याही शब्दावर हरकत आली की मी पाहायचे आणि मी म्हणेन ते शेवटचे. अंतिम सामन्यात मी स्वतःच खेळत होते, तरी पुस्तक दुसऱ्याकडे द्यावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

लॅसेल्सने हातातली शेवटची चार अक्षरे लावली: आर, यू, टी, एच. रूथ. एकवीस गुण, आणि तो सामना जिंकत होता. सभागृहात हशा पिकला. कोणीतरी ओरडले, “अगं, तुलाच मांडलंय की त्यानं पटावर!”

मला वाटले, हा माझी थट्टा करतोय. मी हरकत घेतली. मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षराने सुरू होणारी नावे खेळात बाद, हे शेंबडे पोरही जाणते.

“नाव आहे हे, लॅसेल्स. माझंच आहे. मला नको शिकवूस.”

“नाव नाही गं. पाद्रीबुवांच्या तोंडून ऐकलंय मी. उघड तरी पुस्तक.”

मी उघडले. शब्द होता. पहिले अक्षर लहान. अर्थ: दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणे, केल्या गोष्टीचा पश्चात्ताप. मी दोनदा वाचले. मग पुस्तक मिटले आणि म्हणाले, “नाही.”

तो चिडला असता तर मी कबूल केले असते, असे इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आले. ते खोटे आहे. तो चिडला नाही. चारही अक्षरे उचलून पट्टीवर ठेवत तो म्हणाला, “तुला दिसला नाही म्हणजे नसणारच.”

मी नऊ गुणांनी जिंकले. त्रिनिदादला गेले आणि पहिल्याच दिवशी हरून परत आले. लॅसेल्स पुन्हा खेळायला आला नाही. दर रविवारी चर्चच्या पायरीवर भेटतो. एकदा त्याने विचारले, “अजून शब्द पाठ करतेस का गं?”

“करते. तू का नाही येत?”

“छे गं. नसलेले शब्द आठवतात मला. तुम्हा शिकलेल्यांचा खेळ तो.”

तेव्हा सांगायला हवे होते. मी हवापाण्याचे बोलले.

६. म्हणून १९८६चा चषक लॅसेल्स यिअरवुड याचा आहे. मी तो देत नाही, परत करते. त्यासोबत माझा शब्दकोश त्याला द्यावा, खूण घातलेल्या पानासह. शेर्नेलने ते पान त्याच्यासमोर उघडावे आणि पाचवे कलम मोठ्याने वाचावे. तो मला शिव्या देईल तर तिने त्या माझ्या वतीने ऐकून घ्याव्यात, मध्ये बोलू नये. तो माझ्याआधी गेला तर हे सारे त्याच्या बहिणीला वाचून दाखवावे, आणि मी किती भित्री होते हेही सांगावे. तो राहतो इथून चार गल्ल्यांवर.

७. पाचव्या वहीत ‘आर’च्या पानावर अडतीस वर्षे मी एक ओळ कोरी ठेवली होती. आज ती भरली आहे.

स्पाइट्सटाउन, शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४.

सही: रूथ युडोरा गिटन्स

साक्षीदार: मर्विन बोस्टिक, औषधविक्रेते, आणि सेलेस्टीन आलेन, शिक्षिका. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. बाईंनी आमच्यासमोर सही केली. सहीतल्या ‘रूथ’चे पहिले अक्षर लहान आहे. चुकले का, म्हणून आम्ही विचारले. बाई म्हणाल्या, “नाही. या खेपेला बरोबर आहे.”