तारा दाविदने बांधावा

मी, कुमुदिनी योसेफ भालेराव, वय ४६, अविवाहित, शिक्षिका, राहणार स्नेहलतागंज, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्या विद्यार्थिनींना शंका असल्यास त्यांनी सहामाहीचे गुण आठवावेत. सोमवारी माझ्या पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. देवावर आणि डॉक्टरीणबाईंवर माझा पूर्ण भरवसा आहे. तरीही दप्तर आवरून ठेवलेले बरे.

१. बँकेतली ठेव आमच्या चर्चच्या मंडळीला द्यावी. तिच्यातून नाताळात गल्लीतल्या प्रत्येक घरी करंज्या जाव्यात. कोण उपासनेला येते आणि कोण नाही, हे विचारू नये.

२. शिवणयंत्र शेजारच्या गंगूबाईंना द्यायचे होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. त्या म्हणाल्या, "मशीन राहू दे बाई. सही करायला तूच शिकवलंस ना? मग करू दे एकदा ठाठ से." म्हणून यंत्र शाळेच्या शिवणवर्गाला द्यावे.

गंगूबाईंचे यजमान, पलीकडचे कचरूभाऊ आणि आमचे पप्पा असे तिघे गिरणीत एकाच खात्यात होते. भाऊबीजेला गंगूबाईंच्या यजमानांची पाळी पप्पा करत. चौदा एप्रिलला कचरूभाऊ महूला जात, तेव्हा त्यांचीही. नाताळात ते दोघे पप्पांची पाळी वाटून घेत. नागरिकशास्त्र मी वर्गात शिकवते, पण शिकले या तिघांकडून.

३. राहत्या दोन खोल्या धाकटा भाऊ दाविद यास मिळाव्यात. अट अशी, की दर एक डिसेंबरला त्याने स्वतःच्या हाताने दारावर नाताळचा तारा बांधावा आणि शेजाऱ्यांसमोर पप्पांची माफी मागावी.

कारण लिहून ठेवते. दरवर्षी पप्पा बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन गिरणीच्या सुताने तारा बांधत आणि आत दिवा लावत. सात वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली. त्या डिसेंबरात मी शाळेतून आले, तर तारा फाटून अंगणात पडलेला आणि त्याच्या कामट्या दाविदच्या हातात. मी ओरडले, "पप्पांच्या ताऱ्याला हात लावलास?" तो एवढेच म्हणाला, "ज्याला कामच नाही, त्याला सुट्टी कसली, ताई?" तो महूला निघून गेला. पुढल्या वर्षी पप्पा गेले, तेव्हाही मी त्याच्याशी बोलले नाही.

४. वरील अट मी रद्द करते.

गेल्या आठवड्यात, वरची तीन कलमे लिहून झाल्यावर, मतदानाच्या रांगेत उभी होते, उपासनेला नेसते तीच इस्त्रीची साडी नेसून. या मृत्युपत्राची गोष्ट निघाली, तशा गंगूबाई भडकल्या. "मास्तरीण झालीस, पण अक्कल नाही आली! तारा तुझ्या पप्पांनी फाडला. मी होते ना तिथे! म्हणाले, सगळ्यांच्या चुली थंड, आणि माझ्याच दारात उजेड कशाला? दाविद तर बिचारा तुकडे गोळा करत होता."

"मग सात वर्षं गप्प का राहिलात?"

"मला वाटलं, तुला मालूम असेल."

मत दिले आणि तशीच महूची बस धरली. दाविदला विचारले, "सांगितलं का नाहीस?"

"पप्पांनी शपथ घातली होती. म्हणाले, कुमुदला वाटू दे, माझा विश्वास पक्का आहे."

पप्पांचा विश्वास एका संध्याकाळी मोडला होता, हे कळूनही माझा हलला नाही. बाळ येशूला शोधत पूर्वेकडून निघालेल्या त्या ज्ञानी लोकांनाही तारा वाटेत दिसेनासा झाला असेलच. तरी ते चालत राहिले. माफी मागायला हवी होती ती मी, आणि मी ती महूच्या स्टँडवर, पाच माणसांदेखत मागितली. खोल्या दाविदला विनाअट. तिसरे कलम मात्र खोडू नये. माझा अन्याय माझ्याच अक्षरात राहू द्यावा.

५. दाविदला साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकीलसाहेबांनी त्याला बाहेर पाठवले. तो आता दारात स्टुलावर उभा राहून तारा बांधतो आहे, कोणी सांगितले नसताना. खिडकीतून दिसते आहे, तारा डावीकडे कलला आहे. तो कोणी सरळ करू नये.

माझ्यासमक्ष आणि एकमेकांसमक्ष सही करणारे साक्षीदार :
१. गंगूबाई (सही, अंगठा नव्हे)
२. कचरू

लिहून देणार : कुमुदिनी योसेफ भालेराव
इंदूर, १ डिसेंबर १९९८